रूप बदला, पण आमचं आम्हाला नेऊ द्या

सोलापुरात दुसऱ्याचा फॉर्म भरून देण्यावर अनेकांचं घर चालतं. विडी कामगार बाईचा प्रॉव्हिडंट फंडाचा दावा, चादर कारखान्याचं ई-वे बिल, शिष्यवृत्ती, सातबारा, पीक विमा, अकरावीचा प्रवेश. यातलं जवळजवळ सगळं आता ब्राउझरमधूनच होतं. अशोक चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत ज्या टेबलांवर ही कामं चालतात, तिथला ऑपरेटर हाताकडे बघत नाही. डाउनलोड झालेली फाईल कुठे येते, चुकून बंद झालेला टॅब परत कसा उघडायचा, पॉप-अप अडला तर परवानगी कुठून द्यायची, हे सगळं त्याच्या बोटांत बसलेलं असतं. मग एखाद्या सकाळी ब्राउझर आपणहून अपडेट होतो आणि यातल्या निम्म्या गोष्टी जागेवर नसतात. समोर रांग असते, फॉर्मची शेवटची तारीख आजचीच असते.

अशा वेळी माणूस चिडतो. त्या चिडण्याला ब्राउझर बनवणाऱ्यांकडे एक ठरलेलं उत्तर असतं: लोकांना बदल नको असतो, थोड्या दिवसांत सवय होईल. सवय होते, हे खरं आहे. पण ती होईपर्यंत जाणारा वेळ कुणाच्या खिशातून जातो, हे त्या उत्तरात कधी येत नाही. हाताला बसलेलं काम ही त्या ऑपरेटरची कमाई आहे. ती एका रात्रीत बाद करायची आणि वर त्यालाच बदलाला घाबरणारा ठरवायचं, हे अन्यायाचं आहे.

तरीही ब्राउझरचं रूप आहे तसंच ठेवा, अशी मागणी आपण करू नये असं मला ठामपणे वाटतं. ती टिकणार नाही, आणि टिकली तर आपलंच नुकसान होईल. मागणी वेगळी हवी. ज्याला नवं रूप नको असेल त्याला आपलं सगळं सामान, म्हणजे जपून ठेवलेले पत्ते, पासवर्ड, सेटिंग, घेऊन दुसऱ्या ब्राउझरमध्ये, दुसऱ्या कॉम्प्युटरवर, विंडोज किंवा लिनक्ससारख्या दुसऱ्या प्रणालीवर जाता आलं पाहिजे, आणि तेही कुणाच्या परवानगीशिवाय. बाहेर पडायची वाट मोकळी असली की आतला कारभार आपोआप नीट चालतो.

हे म्हणणं हवेतलं नाही, त्याला इतिहास आहे. २९ एप्रिल २०१४ रोजी मोझिलाच्या फायरफॉक्स या ब्राउझरची २९ वी आवृत्ती आली. ‘ऑस्ट्रेलिस’ असं त्या नव्या रूपाचं नाव. टॅबच्या कडा गोल झाल्या, मेनू उजव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांखाली गेला, खालची अ‍ॅड-ऑनची पट्टी नाहीशी झाली. क्रोमची नक्कल केली म्हणून जुन्या लोकांनी मोठा आवाज उठवला. पण त्या वेळी वाट होती. ‘क्लासिक थीम रिस्टोरर’ नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं की जुनी मांडणी बरीचशी परत येई. ज्याला नवं हवं त्याला नवं, ज्याला जुनं हवं त्याला जुनं. म्हणून तो राग निवळला.

१४ नोव्हेंबर २०१७ रोजी ५७ वी आवृत्ती, ‘क्वांटम’, आली आणि जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शनं एकदम बंद पडली. क्लासिक थीम रिस्टोररही त्यातच गेलं. या एक्स्टेन्शनांचं मोल काय होतं, हे सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या जुन्या वाचकाला सहज पटेल. एके काळी तेलुगू आणि मराठी वर्तमानपत्रांच्या साइट युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना समजणाऱ्या एकाच अक्षर-पद्धतीत, नव्हत्या. प्रत्येकीचा फॉन्ट वेगळा, आणि बऱ्याच साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये नीट दिसत. फायरफॉक्ससाठी तेव्हा ‘पद्म’ नावाचं एक्स्टेन्शन होतं. ते असा मजकूर जागच्या जागी युनिकोडमध्ये बदलून दाखवी. कुठल्याही कंपनीने हे केलं नव्हतं. आपल्या भाषेची गरज ओळखून एका कार्यकर्त्याने केलं होतं, आणि ब्राउझरने त्याला तेवढी मोकळीक दिली होती म्हणून ते होऊ शकलं.

तरीसुद्धा २०१७ च्या बदलात मोझिलाची बाजू मला पटते. जुनी एक्स्टेन्शनं ब्राउझरच्या आतड्यांपर्यंत हात घालू शकत. त्यामुळे आतली रचना बदलायला गेलं की हजारो एक्स्टेन्शनं मोडत, आणि न बदलावं तर क्रोमसारखं वेगवेगळ्या टॅबचं काम वेगवेगळ्या प्रक्रियांत विभागता येत नव्हतं. क्रोम २००८ पासूनच तसा चालत होता. शिवाय मोझिलाने २०१५ च्या ऑगस्टमध्येच हा निर्णय सांगून ठेवला होता, आणि ज्यांना वेळ हवा होता त्यांच्यासाठी ५२ व्या आवृत्तीची दीर्घ मुदतीची शाखा २०१८ पर्यंत चालू ठेवली. कारण सांगितलं, मुदत दिली, जुन्यावर राहायची सोय दिली. मोठा बदल करायचाच असेल तर असाच करावा.

२०२१ मधल्या ‘प्रोटॉन’ रूपाबद्दल मला असं म्हणता येत नाही. टॅब फुगले, मेनूमधल्या ओळींत जास्त जागा सुटली, आणि दाटीची ‘कॉम्पॅक्ट’ मांडणी नेहमीच्या यादीतून काढली गेली. मोठ्या पडद्यावर बसून ठरवणाऱ्याला हे सुटसुटीत वाटलं असेल. आपल्याकडच्या स्वस्त लॅपटॉपचा पडदा उभ्या अंगाने ७६८ ठिपक्यांचा. त्यावर जीएसटीचा तक्ता उघडला की एकेका ओळीची किंमत कळते. जुनं रूप परत आणायची एक आतली कळ होती, ती दोनच आवृत्त्यांनंतर ९१ व्या आवृत्तीत काढून टाकली. इथे कुठलंही तांत्रिक संकट नव्हतं. लोकांना परतीची वाट ठेवता आली असती.

मोबाईलवर तर आणखी वाईट झालं. २०२० च्या ऑगस्टमध्ये अँड्रॉइडवरचा फायरफॉक्स मुळापासून नवा आला, तो मोजकीच एक्स्टेन्शनं घेऊन. सगळ्यांसाठी ते दार पुन्हा उघडायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. मोबाईलवर अपडेट रात्रीत येतो, आणि सामान्य माणसाला मागच्या आवृत्तीवर सहज जाता येत नाही.

पण सगळ्यात मोठा धडा ऑपेराचा आहे, आणि तो आपल्या भागाला जवळचा आहे. टूजीच्या काळात बटणांच्या मोबाईलवर ज्यांनी पहिल्यांदा इंटरनेट बघितलं, त्यांच्यातल्या पुष्कळांनी ते ऑपेरा मिनीमधून बघितलं. पानं ऑपेराच्या सर्व्हरवर आवळून लहान होऊन येत, पैसे वाचत. कॉम्प्युटरवरचा ऑपेराही त्या वेळी सगळ्यांच्या पुढे असे. २०१३ च्या फेब्रुवारीत कंपनीने पान पडद्यावर मांडणारं आपलं स्वतःचं ‘प्रेस्टो’ इंजिन सोडायचं जाहीर केलं आणि जुलैत क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्या खुल्या पायावर, बांधलेली १५ वी आवृत्ती आणली. तिच्यात बुकमार्कच नव्हते. लोकांनी वर्षानुवर्षं जमवलेले पत्ते ठेवायला जागाच नाही! आतला मेल प्रोग्राम वेगळा काढला, आणि लिनक्सवर तर हा नवा ऑपेरा वर्षभराहून अधिक काळ आलाच नाही. बुकमार्क परत आले २०१४ च्या अखेरीस. तोवर पुष्कळ लोक निघून गेले होते. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एकाने पुढे विवाल्डी नावाचा वेगळा ब्राउझर काढला, तो मुख्यतः याच दुखावलेल्या लोकांसाठी.

इंजिन बदलणं हा कंपनीचा निर्णय. ते परवडत नसेल तर बदलावं. बुकमार्क मात्र कंपनीचे नव्हतेच. ऑपेराने केलेली चूक रूप बदलण्याची नव्हती. ज्याच्यावर आपली मालकी नाही अशी वस्तू तिने गायब केली, ही ती चूक होती.

सोलापुरी चादर विणणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. जकार्डच्या मागावर चादरीची नक्षी छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत असते. माग जुना झाला, विकला, नवा आणला, तरी पुठ्ठ्यांची माळ कारखानदाराकडे राहते आणि त्याच जातीच्या दुसऱ्या मागावर चढते. माग बनवणारा ती आपल्याबरोबर घेऊन जात नाही.

ब्राउझरच्या जगात अशी माळ अजून एकच शिल्लक आहे, आणि ती जुनी आहे म्हणूनच टिकली. आजही कुठल्याही कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमधून बुकमार्क बाहेर काढले तर जी फाईल मिळते, तिच्या पहिल्या ओळीत नेटस्केपचं नाव असतं. नेटस्केप हा १९९० च्या दशकातला ब्राउझर. तो केव्हाच संपला, पण त्याने ठरवलेली साधी फाईल क्रोम वाचतो, फायरफॉक्स वाचतो, एज वाचतो, विवाल्डी वाचतो. सगळ्यांना समजेल अशी एक उघडी रीत असली की कंपनी मेली तरी माणसाचं सामान जगतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

बुकमार्कच्या पुढे गेलं की मात्र वाट अरुंद होत जाते. पासवर्ड बाहेर काढता येतात, पण ते उघड्या मजकुराच्या फाईलमध्ये. एक्स्टेन्शनांच्या सेटिंगचं तर प्रत्येकाचं वेगळं. मोबाईलवर बुकमार्क फाईल म्हणून बाहेर काढायची सोय सहज सापडत नाही. कंपनीच्या खात्यात लॉग-इन करा, मग सगळं सगळीकडे दिसेल, असं सांगितलं जातं. ही सोय खरी आहे, मीही ती वापरतो. पण ती त्या कंपनीच्या अंगणातच फिरवते.

आणि आपल्याकडे ती धोक्याचीही होते. फॉर्म भरून देणाऱ्या टेबलावर एकाच कॉम्प्युटरवर दिवसभर पन्नास जणांचे पासवर्ड टाकले जातात. ब्राउझर विचारतो, ‘सेव्ह करू?’ घाईत कुणीतरी हो म्हणतं, आणि एका विडी कामगार बाईच्या फंडाच्या खात्याचा पासवर्ड दुकानदाराच्या खात्यातून त्याच्या घरच्या मोबाईलपर्यंत जाऊन बसतो. कुणाचाही वाईट हेतू नसतो. पण ज्या बाईचा तो पासवर्ड, तिला तो मिळत नाही, आणि भलत्याच जागी तो राहतो. आपलं आपल्याला नेता येणं याचीच दुसरी बाजू आहे, आपलं मागे न राहणं.

म्हणूनच पेनड्राइव्हवर चालणारा ब्राउझर मला महत्त्वाचा वाटतो. फायरफॉक्सची अशी पोर्टेबल आवृत्ती २००४ पासून मिळते. कॉम्प्युटरवर काही बसवावं लागत नाही. पेनड्राइव्ह लावला की आपले बुकमार्क, आपली सेटिंग, आपली भाषा, सगळं समोर. काढला की ते आपल्या खिशात. ज्या विद्यार्थ्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही, जो कधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, कधी मित्राकडे, कधी कॅफेत बसतो, त्याच्यासाठी याहून चांगली व्यवस्था नाही. पेनड्राइव्ह हरवू शकतो, त्यावर व्हायरस चढू शकतो, म्हणून मुख्य पासवर्ड लावलाच पाहिजे. क्रोमच्या बाबतीत हे तितकं जमत नाही, कारण विंडोजवर त्याचे पासवर्ड त्या कॉम्प्युटरच्या खात्याशी कुलूपबंद केलेले असतात. २०२४ मध्ये ते कुलूप आणखी घट्ट केलं गेलं. कुकी, म्हणजे लॉग-इनची ब्राउझरने ठेवलेली खूण, पळवणारे व्हायरस माजले आहेत, तेव्हा कारण योग्यच आहे. पण कुलूप घट्ट करताना मालकाकडे किल्ली असावी, हेही तितकंच योग्य आहे.

जुन्या कॉम्प्युटरचा प्रश्न यातूनच निघतो. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९. २०२३ च्या फेब्रुवारीत आलेल्या ११० पासून क्रोमला विंडोज १० लागतो. फायरफॉक्सने त्याच जुन्या यंत्रांसाठी ११५ व्या आवृत्तीची शाखा मुदत वाढवत वाढवत चालू ठेवली. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला खुद्द विंडोज १० ची नेहमीची मुदत संपली. एमआयडीसीतल्या ऑफिसांत, शाळांत, लहान दुकानांत अशी कितीतरी यंत्रं आहेत जी अजून धडधाकट चालतात. त्यांच्यावर लिनक्स टाकला तर ती आणखी काही वर्षं सहज निघतील, आणि ब्राउझर तिथेही तोच मिळतो. म्हणजे यंत्र न बदलता प्रणाली बदलता येते, फक्त ब्राउझर आणि त्यातलं सामान दोन्हीकडे चाललं पाहिजे.

पण इतकं करूनही साइटच म्हणाली की मी अमुक ब्राउझरमध्येच उघडणार, तर काय उपयोग? इथे दोष कंपन्यांपेक्षा आपल्या सार्वजनिक यंत्रणेचा जास्त आहे. डिजिटल सही लागणाऱ्या काही साइट जावाच्या अ‍ॅपलेटवर, म्हणजे प्लगइनच्या आधाराने ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर, विसंबून होत्या. क्रोमने ती जुनी प्लगइनची रीत २०१५ मध्ये पूर्ण बंद केली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये. त्यानंतरही कित्येक ठिकाणी सही करायची म्हणून इंटरनेट एक्सप्लोरर जपून ठेवावा लागला, तोही १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. ई-शासनासाठी खुल्या मानकांचं धोरण केंद्र सरकारने २०१० मध्येच स्वीकारलेलं आहे. त्यामागचा विचार स्पष्ट आहे: नागरिकाने कुठल्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरावं, हे सरकारने ठरवू नये. आता जुन्या एक्सप्लोररची जागा क्रोमने घेतली, एवढाच फरक. एज, ऑपेरा, विवाल्डी, ब्रेव्ह हे सगळे आतून क्रोमियमच. २०२५ मध्ये सरकारच्या स्वदेशी ब्राउझर स्पर्धेत पहिला आलेला झोहोचा ‘उला’सुद्धा क्रोमियमवरच बांधलेला आहे. उला चांगला असेल, जरूर वापरावा. पण ब्राउझर स्वदेशी झाल्याने नागरिक मोकळा होत नाही. साइट दुसऱ्या इंजिनावरही चालते का, हे तपासणाऱ्या माणसाने तो मोकळा होतो.

आता कायद्याकडे. आपण हे एकदा करून दाखवलेलं आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाईल नंबर पोर्टेबिलिटी आली. तोवर कंपनी कितीही त्रास देवो, नंबर जाईल या भीतीने व्यापारी तिथेच राहत. वर्षानुवर्षं ज्या नंबरवर गिऱ्हाईक फोन करतं, तो कोण सोडेल? नियमाने नंबर माणसाचा झाला आणि कंपनी बदलणं शक्य झालं. कुठल्याही कंपनीला कुणी सांगितलं नाही की तुझे प्लॅन बदलू नकोस.

ब्राउझरच्या आणि एकूणच डिजिटल सामानाच्या बाबतीत हेच व्हायला हवं होतं. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या माहिती संरक्षण कायद्याच्या २० व्या कलमाने माणसाला आपली माहिती वापरता येईल अशा स्वरूपात मागून घ्यायचा आणि दुसरीकडे न्यायचा हक्क दिला. आपल्याकडे अशाच कायद्यासाठी नेमलेल्या श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात हा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही होता. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्यात तो नाही. माहिती बघण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसण्याचा हक्क आहे, घेऊन जाण्याचा नाही. मला ही त्या कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव वाटते, आणि तिच्याबद्दल जेवढं बोललं जायला हवं होतं तेवढं बोललं गेलं नाही. शहरातल्या वकिलांनी, कर सल्लागारांनी, यंत्रमागधारकांच्या आणि विडी कामगारांच्या संघटनांनी ही मागणी आपली म्हणून मांडावी, इतकी ती रोजच्या कामाशी जोडलेली आहे.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. सगळं सहज बाहेर काढता आलं तर चोरालाही ते सहज मिळेल. खरं आहे. पासवर्डची उघडी फाईल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये पडून राहणं हा मोठा धोका आहे. पण त्याचा इलाज बाहेरची वाट बंद करणं हा नाही. बाहेर जाणारी फाईल कुलूपबंद असावी, तिचं कुलूप सगळ्या ब्राउझरांना समजेल अशा एका उघड्या रीतीचं असावं, आणि ती काढण्याआधी माणसाची ओळख पटवावी. बँका लाखो रुपयांचे व्यवहार असेच सुरक्षित करतात. इथेही ते अवघड नाही.

एमएस-सीआयटी २००१ पासून महाराष्ट्रात घरोघर पोचली. ब्राउझर उघडायला आपण तिथे शिकलो. त्यातून आपलं बाहेर कसं काढायचं, हा धडाही तितक्याच ठळकपणे शिकवला जावा. तोवर फॉर्म भरून देणाऱ्या प्रत्येकाने आजच एवढं करावं: कंट्रोल आणि शिफ्ट दाबून ‘ओ’ ही कळ दाबावी. विंडोजवर क्रोममध्येही आणि फायरफॉक्समध्येही बुकमार्कची खिडकी उघडते. क्रोममध्ये तीन ठिपक्यांच्या मेनूत आणि फायरफॉक्समध्ये आयात व बॅकअपच्या मेनूत बुकमार्क बाहेर काढायचा पर्याय आहे. जी फाईल येईल ती पेनड्राइव्हवर ठेवावी आणि दर महिन्याला नवी काढावी. पुढचा अपडेट आवडला नाही तर दुसऱ्या ब्राउझरमध्ये तीच फाईल आत घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत.